जॉइंट नवाच होता

हसू नका रे. हे आमच्या साडूंनी स्वतः सांगितलंय, आणि त्या माणसाला थापा मारायला जमत नाही. संशय घ्यायला मात्र जमतो. हातात घड्याळ असताना शेजाऱ्याला वेळ विचारणारा गडी तो.

तर त्यांची जुनी गाडी उजवीकडे वळली, की पुढच्या डाव्या चाकातून टकटक करायची. सरळ रस्त्याला चिडीचूप. मिस्त्री म्हणाला, "एक्सलचा जॉइंट झिजलाय. भर वळणात तुटला तर गाडी जागीच अडकेल." साडूंची सहा वर्षांची लेक रोज त्याच गाडीतून शाळेत जायची. त्यांनी लगेच जॉइंट बदलून घेतला. तरी टकटक सुरूच.

साडूंना वाटलं, पठ्ठ्याने जुनाच पुसून बसवला. मार्चमधल्या शेवटच्या शनिवारी, रात्री साडेदहाला, लेक झोपल्यावर ते गॅरेजवर थडकले. मिस्त्री भांडला नाही. म्हणाला, "दादा, मी चालवतो. तुम्ही मागे बसून कान लावा."

गॅरेजमागे मोकळं मैदान होतं. मिस्त्रीने स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं. गाडी सावकाश गोल फिरू लागली. टक... टक... टक... वळणाने साडू डाव्या दाराकडे रेलले.

मग त्यांच्या अंगावर कोणीतरी रेललं.

हलकंच. पेंगुळलेलं पोर रेलतं तसं.

त्यांनी उजवीकडे पाहिलं. सीट रिकामी. दंडावरचं वजन तसंच...

"थांबव."

गाडी थांबली. वजन उतरलं. मिस्त्रीचीच काही करामत असेल, असं साडूंना अजूनही वाटत होतं. ते एवढंच म्हणाले, "जॉइंट उघड. माझ्यासमोर."

चाक निघालं. जॉइंटवरचं रबर धड होतं, त्याची पट्टी घट्ट. मिस्त्रीने रबर कापून टॉर्च मारला. जॉइंट नवा कोरा. पण आतल्या ग्रीसमध्ये चार बोटं ओढल्याच्या खुणा... बारीक.

मिस्त्रीने आपली जाडजूड बोटं शेजारी धरली.

"दादा, हे... माझं नाही."

गाडी तिथेच टाकून साडू घरी धावले. घाबरले होते, सरळ सांगतो. लेक गाढ झोपलेली. आमची मेहुणी उशाशीच बसली होती. म्हणाली, "जागची हललीसुद्धा नाही."

साडूंनी पांघरुणातून लेकीचा हात अलगद बाहेर काढला.

चार नखांत काळं ग्रीस होतं.