बाभळीच्या फळीवर

गेवराईच्या भंगारवाल्याकडे त्या दिवशी गाडीचा चांगला कमानपाटा एकच होता, आणि त्याची दोन टोकं दोघांच्या हातात होती.

"सोडा की म्याडम. माझी पिकअप रस्त्यात बसलीय."

"तुम्हीच सोडा. मला तलवार करायचीय."

त्यानं खरंच सोडला. आधी दचकला, मग गालात हसला. "कुनावर राग हाय येवढा?"

"राग कशाला? धोप करायचीय. सरळ, लांब पात्याची... मराठी घोडेस्वार वापरायचे ती. धार लावणार नाही. फक्त माझ्या हातानं घडवून बघायचीय."

बोलता बोलता सुकन्याचे डोळे चमकायला लागले. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झालेली ही पोरगी उमापूरच्या शेतात, पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी मांडून बसली होती. पहिली तलवार तापवून पाण्यात विझवताना तडकली. दुसरीचं टोक जास्त तापलं, तीही गेली. तेव्हा वडलांनी, राधाकिशन अण्णांनी बजावलं होतं, "तिसरी तडकली की भट्टी बंद. शेडात शेळ्या बांधनार."

हे सगळं ऐकून त्यानं पाटा तिच्याकडे सरकवला. "न्या. मी दुसरा बघतो. पर तलवार मला बघायचीय. भागवत नाव माझं."

"बघायला याल तर घण मारावा लागेल."

"मारू की!"

आणि तो खरोखर आला. मोसंबी बाजारात टाकून परत जाताना शेडपुढं पिकअप थांबायला लागली.

घणाची भाषा सुकन्या जानकीबाईकडून शिकली होती. तिच्या भट्टीतली ऐरण याच लोहारणीकडून घेतलेली. हातातल्या लहान हातोडीनं तापल्या लोखंडावर टिचकी मारायची, घण तिथंच पडायचा. हातोडी नुसत्या ऐरणीवर वाजली की थांबायचं. बोलायचं काहीच नाही. टिक्—धाड! टिक्—धाड! ठिणग्या उडत, घाम निथळे, आणि कधीकधी सुकन्या थांबायची खूण द्यायलाच विसरे.

"हात तुटायला आले ना, म्याडम!"

"मग बोलायचं ना!"

"बोलायचं न्हाई, असं तुमीच सांगितलंय."

एकदा जानकीबाई स्वतः बघायला आली. कंबरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली. "आमच्यात नवरा सांडशीनं लोखंड धरतो आन बायको घण मारती. परक्याच्या घणापुढं बोटं कोन ठेवील? तुमचं उलटंच हाय... पर जमलंय!"

"मावशी, हे फक्त मदतीला येतात!" सुकन्या घाईनं म्हणाली.

त्यानंतरचा घण एक क्षण उशिरा पडला. भागवतचे कान भट्टीसारखेच लाल झाले होते.

मग पातं विझवायचा दिवस आला. तापल्या पात्याचा रंग नीट दिसावा म्हणून खिडक्यांवर पोती टांगली. बोअरचा जुना केसिंग पाईप खड्ड्यात उभा करून त्यात करडईचं तेल भरलं आणि कोमट केलं. सुकन्या पातं निखाऱ्यांत मागंपुढं फिरवत होती, आणि तिच्या इशाऱ्यासरशी भागवत तारेला बांधलेलं चुंबक जागोजागी लावून बघत होता.

"धरतंय अजून... हितं बी धरतंय... आरं, सोडलं!"

"तापलं की लोखंड चुंबकाला ओळख देत नाही."

"लई गर्विष्ठ!"

"गार झालं की देतं परत. टोक बघा... सगळीकडं सोडलं? सरका!"

नारिंगी पातं सरळ तेलात उतरलं. भसकन जाळ उठला, शेडभर करडईचा वास पसरला. मनात अंक मोजून सुकन्यानं पातं वर काढलं आणि ती किंचाळलीच, "वाकलं! भागवत, वाकलं!"

"आता?"

"गार होईपर्यंत दाबलं तर ऐकतं ते. फळ्या! लवकर!"

बाभळीच्या एका जाड फळीवर पातं, त्यावर दुसरी फळी. "चढा!" ती ओरडली, आणि तो चढला. एकट्याचं वजन पुरेना, म्हणून तीही चढली. फळी अरुंद. तोल जाताच तिनं त्याचा दंड धरला.

आता फक्त थांबायचं. पातं तडकलं असतं तर बारीकसा आवाज आला असता. दोघं श्वास रोखून ऐकत राहिले.

"आला का आवाज?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"नाही... तुमच्या छातीचाच येतोय."

तो हसला नाही. "तडकलं तर... शेळ्या येतील. मग मी कोन्त्या निमित्तानं येऊ?"

पोत्याच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप त्याच्या काजळल्या गालावर पडली होती. सुकन्यानं तिकडं बघितलं आणि नजर खाली घेतली.

"जानकीबाई काय म्हणाली होती, आठवतं? परक्याच्या घणापुढं बोटं कोण ठेवील..."

"हां."

"मी ठेवली होती. पहिल्याच दिवशी." "मोजमाप करणारी मुलगी मी. पण तेव्हा काहीच मोजलं नाही."

बाहेरून अण्णांची हाक आली. "सुकन्ये! झालं का? बांधू का शेळ्या?"

"थांबा अण्णा! गरम आहे अजून!"

भागवतनं वाकून फळीखालून डोकावणाऱ्या, पात्याच्या मुठीकडच्या शेपटाला बोट लावलं. "गार हाय की हे."

"माहितीय."

"मंग खोटं कावून बोललीस?"

'म्याडम' गेलं होतं. ती नुसती त्याच्याकडं बघत राहिली... आणि दोघंही फळीवरून उतरले नाहीत.

शेवटी अण्णा दाराशी आले, तेव्हा कुठं फळी उचलली गेली. काळंभोर पातं दोरी ताणल्यासारखं सरळ होतं. सुकन्यानं हातोडीची टिचकी मारली. पातं गाऊ लागलं — लांब, स्वच्छ, कुठंही न फाटलेला सूर!

"न्हाई तडकली!" भागवतनं आरोळी ठोकली.

अण्णांनी तलवार पाहिली. पोरीच्या बोटांचा काळा ठसा भागवतच्या दंडावर उमटला होता, तोही पाहिला.

"शेळ्यास्नी दुसरीकडं छप्पर घालावं लागनार मंजी," ते मिशीत म्हणाले. "पोरा, उद्या हायेस का मोकळा?"

भागवतनं सुकन्याकडं बघितलं.

"मोकळे कसे असतील?" ती म्हणाली. "उद्या पातं मंद आचेवर शेकायचंय. परवा मूठ. आणि मग... चौथी तलवार."