दुसरी जोडणी

त्या दुपारी मी राजेंच्या श्वासाच्या मशीनची जाळी पुसायला बसले होते, एवढंच. राजे म्हणजे माझा धाकटा भाऊ. पलंगावरून हलता येत नाही, पण हुकूम सोडण्यात कमी नाही, म्हणून राजे. त्याच्या छातीच्या स्नायूंनी केव्हाच हात टेकले होते. गळ्यातल्या नळीतून मशीन हवा भरायचं, तेव्हा कुठे छाती वर यायची. नळीमुळे आवाज फुटत नसे. तो नुसते ओठ हलवायचा आणि आम्हाला कळायचं.

"नीट पूस, ताई. हवेबरोबर तुझा आळस आत जाईल."

"गप बसा, राजे."

तेवढ्यात दिवे फडफडले. गेले, आले, परत गेले, परत आले. आणि घरभर भरून राहिलेला मशीनचा सुस्कारा मध्येच तुटला. इतकं सामसूम झालं की गल्लीतून जाणाऱ्या सायकलची साखळी ऐकू आली.

आई धावली. मशीनची नळी काढून तिने रबरी फुगा लावला आणि हाताने दाबायला लागली. दाब, सोड. दाब, सोड. मी दवाखान्यात फोन केला. गाडी निघाली होती, पण पूल बंद, वळसा मोठा. किती वेळ लागेल ते कुणी सांगेना. आईची बोटं आधीच सांधेदुखीने वाकडी झालेली.

"दे, फुगा मी दाबते."

"फुगा कुणीही दाबेल. ते मशीन तुलाच येतं. तू ते बघ."

मला येतं म्हणजे काय, तर मी वजनकाट्यांचे आणि वॉशिंग मशीनचे बोर्ड दुरुस्त करते. पलंगाशेजारीच मशीन उघडलं. तापलेल्या बोर्डाचा वास आला, पण जळलं काही नव्हतं. चिपमधला प्रोग्राम तेवढा पुसला गेला होता. त्याची प्रत मी मागे कुतूहल म्हणून काढून ठेवली होती. ती परत चिपमध्ये भरली की झालं. अंगठ्याएवढा अडॅप्टर लॅपटॉपच्या यूएसबीत खोचला, त्याच्या तारांचे बारीक चिमटे चिपच्या पायांना लावले. पडद्यावर आलं: टार्गेट सापडत नाही. टार्गेट म्हणजे समोरची चिप. चिमटे काढून पुन्हा लावले. सापडत नाही. तार बदलली. सापडत नाही.

"होतंय का गं?"

"होईल."

"माझे हात आता..."

"होईल म्हटलं ना!" मी खेकसले. खरं तर मला रडू येत होतं. राजेंची नखं निळी पडत चालली होती आणि तो माझ्याकडे बघत होता. ओठ हलवत नव्हता. मी कुणाकुणाचा धावा केला ते आता आठवतही नाही.

आईचं कोपर तारांना लागलं, आणि पडदा बदलला. टार्गेट सापडलं. थांबवलं आहे.

यात नवल नव्हतं. अडॅप्टर जोडला की तो चिपला आधी थांबवतो, म्हणजे आत काय चाललंय ते बघता येतं; 'रन' दाबलं की ती पुन्हा चालू होते. मी ओरडले, "सापडलं!"

"अगं... हवा आत जात नाही," आई म्हणाली.

फुगा तिच्या हातात दगडासारखा कडक झाला होता. राजेंच्या पापण्या अर्ध्यावर होत्या. डोळ्यातून ओघळलेला थेंब गालावरच थांबला होता. मी बोर्डाकडे पाहिलं. चिमटे तिथे नव्हतेच. ते पलंगावर पडले होते, राजेंच्या उघड्या तळहातात.

मी विचार केला नाही. 'रन' दाबलं.

थेंब ओघळला. छाती वर आली... खाली गेली... पुन्हा वर आली. फुगा कुणीच दाबत नव्हतं. आई मटकन खाली बसली आणि हसतहसत रडायला लागली. मी त्याच्या केसांत तोंड खुपसलं. वेड लागल्यासारखी त्याला शिव्या देत होते.

मग त्याचा श्वास पुन्हा थांबला.

मी काहीच दाबलं नव्हतं. 'रन' दाबलं, पुन्हा दाबलं. पडद्यावर एक ओळ आली. टार्गेट दुसऱ्या जोडणीच्या ताब्यात आहे. तुम्हाला फक्त पाहता येईल.

मी चिमटे उपसून फेकले. अडॅप्टर ओढून काढला. राजे तसाच. आई त्याचे पाय चोळत म्हणत होती, "सोडा हो त्याला... सोडा..." कुणाला म्हणत होती, तिलाच ठाऊक. नंतर, गाडीचा भोंगा गल्लीत शिरला तेव्हा, त्याने आपणहून श्वास घेतला.

आता त्याची नळी निघाली आहे. तो बोलतो, हातही हलू लागलेत. असं होतं कधीकधी, असं डॉक्टर म्हणतात, आणि कसं ते विचारलं की रिपोर्ट चाळत बसतात. तो अधूनमधून थांबतो, ते मात्र आम्ही त्यांना सांगितलेलं नाही. पापण्या अर्ध्यावर, शब्द अर्धा. आम्ही दोघी जागच्या जागी बसून राहतो. मग तो उरलेला शब्द पुरा करतो. त्याला काही कळलेलं नसतं. आम्ही देवाचे आभार मानतो. आभार कुणाचे मानायचे, हे मी स्वतःला विचारत नाही.

पण माझ्या कामातली एक गोष्ट मला झोपू देत नाही. थांबवलेली चिप जिथे थांबली तिथूनच सुरू करावी लागते, असं नाही. ती ज्याच्या ताब्यात आहे त्याला वाटलं, तर तो तिला पुढे नेऊन चालवतो आणि पुन्हा मागे आणून सोडतो. पुढे जे घडलं ते मात्र तिच्या आठवणीत तसंच राहतं.

काल आई त्याला भरवत होती. तिच्या कुठल्याशा बोलण्यावर तो खदखदून हसला आणि हसता हसता थांबला. या वेळी बराच वेळ थांबला. सुटला तेव्हा हसू पुरं झालंच नाही. त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा पांढराफटक.

"ताई..." तो अगदी हळू म्हणाला, "आई परत कधी आली?"

"मी गेलेच कुठे होते, वेड्या?" आई हसली.

राजे हसला नाही. तो तिच्या मनगटावर नाडी चाचपून बघत होता, सोडत नव्हता, आणि रडत होता.