लाल बसची पाटी

"हा केक मी तुम्हाला देणार नाही."

दारातला माणूस क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात रुमाल. कपाळावरून घामाचा एक थेंब अगदी सरळ रेषेत खाली येत होता.

"पण... सुदर्शनच्या मुलीचाच केक आहे ना हा?"

"त्यांचाच आहे. पण तुम्ही बाइकवर आलात."

"मग?"

"बाहेर एक्केचाळीस अंश आहे. क्रीम लोण्याचं आहे, आणि लोणी बत्तीसच्या पुढं टिकत नाही. सिडकोत पोचेपर्यंत या खोक्यात हत्ती राहणार नाही. चिखल राहील."

त्यानं खोक्यात डोकावून पाहिलं. करड्या रंगाचा, एक कान जरा मोठा झालेला माझा हत्ती त्याच्याकडे बघत होता.

"भोळा दिसतोय बिचारा," तो म्हणाला. "याला उन्हात मारायचं पाप नको मला. काय करायचं सांगा."

दाराशेजारच्या कागदावर नियम लिहिलेला होता – मार्च ते जून, दुचाकीवर केक दिला जाणार नाही. त्यानं तो मोठ्यानं वाचला, मान डोलावली आणि म्हणाला, "सुदर्शननं वाचलं असेल. मी नुसता हमाल आहे."

मला हसू आलं. गिऱ्हाइकासमोर मी सहसा हसत नाही.

मी करुणा. रसायनशास्त्रात एम.एस्सी. वाळूजच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत चार वर्षं गोळ्या तपासल्या. आता दोन वर्षांपासून उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत केक सजवते. वजनकाटा आहे, थर्मामीटर आहे, आणि एक डायरी आहे. सवयी बदलल्या नाहीत, फक्त वास बदलला.

शेवटी मीच निघाले. गल्लीतल्या रामकिसनमामांच्या रिक्षात बसून हत्ती मांडीवर घेतला. तो बाइकवरून मागं मागं. क्रांती चौकाच्या सिग्नलला बाइक रिक्षाच्या बाजूला येऊन थांबली.

"हत्ती काय म्हणतोय?"

"पाणी मागतोय."

आकाशवाणीच्या सिग्नलला पुन्हा तो बाजूला. "आता?"

"झोपला."

सिग्नल हिरवा झाला तरी बाइक हलेना. रामकिसनमामांनी आरशात पाहिलं. "ताई, ह्ये पोरगं केकच्या मागं हाय का... दुसऱ्या कशाच्या?"

"मामा, समोर बघा."

"म्या समोरच बघतोय. त्योच बघंना."

चार दिवसांनी तो पुन्हा आला. दारात रिक्षा थांबलेली.

"ऑर्डर द्यायला बाइक चालते," मी म्हटलं.

"असं का? मला वाटलं, तुमच्याकडं यायचं म्हणजे रिक्षानंच यावं लागतं."

त्याचं नाव सम्यक. खुलताबादला भूमी अभिलेख कार्यालयात होता, शेतजमिनीच्या मोजणीवर. "दिवसभर लोकांचे बांध मोजतो," म्हणाला. "कुणीच खूश नसतं."

"तारीख?" मी डायरी उघडली.

"एक जून... नाही, एकतीस मे. नाही, तेच तर सांगायचंय."

मी एक जूनचं पान त्याच्यापुढं सरकवलं. त्या दिवशीच्या सहा ऑर्डरी आधीच लिहिलेल्या होत्या, आणि सहाही वाढदिवस पन्नाशीच्या पुढचे. आपल्याकडं हे असंच असतं. पोराला शाळेत घालताना गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? आई सांगायची, सुगीतला. गुरुजी लिहून टाकायचे, एक जून. दरवर्षी त्या दिवशी माझ्या फ्रिजमध्ये जागा पुरत नाही.

"माझे बाबा यातले सातवे," सम्यक म्हणाला. "कडुबा नाव त्यांचं. एसटीत ड्रायव्हर आहेत. कागदावर एक जून, म्हणून एकतीस मेला रिटायर होतायत. आयुष्यात एकदाही वाढदिवस केला नाही त्यांनी. डेपोत कुणी हार आणला की म्हणायचे, ह्यो गुरुजीला घाला, तारीख त्यांची हाय." तो थांबला. टेबलावरची कोरी कागदी वाटी बोटानं फिरवत राहिला. "निरोपाच्या दिवशी त्यांनी केक कापावा असं मला वाटतं. त्यांच्या स्वतःच्या तारखेचा. दुसऱ्याच्या तारखेचा ते कापणार नाहीत."

"मग खरी तारीख सांगा."

"ती कुणालाच माहीत नाही."

मी केक करते, तारखा शोधत नाही – असं म्हणून डायरी मिटता आली असती. पण उत्तर नसलेला प्रश्न समोर आला की मला राहवत नाही. आणि तो वाटी फिरवताना खाली बघत होता, तेही मला बघवलं नाही...

"घरात जुनं कोण आहे?"

"आजी. नव्वदीच्या आसपास."

"आसपास?"

"तिचीही एक जूनच आहे."

दोघंही हसलो. तो डायरी चाळत होता. "यात तुमच्या आईचा वाढदिवस नाही?"

"घरच्यांच्या ऑर्डरी मी लिहून घेत नाही. त्या लक्षात असतात."

सतरा मेच्या रविवारी मी भावसिंगपुऱ्यात त्यांच्या घरी गेले. पांढरी बनियन घातलेले एक गृहस्थ बादलीनं कूलरमध्ये पाणी भरत होते. वाळ्याचा ओला वास घरभर पसरलेला.

"जय भीम, काका."

"जय भीम. या, बसा." कडुबाकाकांनी मला नीट पाहिलं. "तुमीच का त्या बाइकवर केक न देणाऱ्या?"

म्हणजे माझी चर्चा या घरात आधीच झालेली होती. सम्यक एकदम सरबत आणायला आत गेला.

चंपाबाई, त्याची आजी, खाटेवर बसल्या होत्या. लुगड्याचा पदर नीट, नजर अजून तीक्ष्ण. मी वही काढली.

"आजी, बाळंत झालात तेव्हा शेतात काय चाललं होतं?"

"ज्वारीची काढणी. सोयगावच्या पाटलाच्या वावरात पेंढ्या बांधत व्हते म्या. दुपारी कळ आली."

"ऊन कसं होतं?"

"कवळं. लई नाय."

"होळी झाली होती?"

"म्होरं व्हती. पळस मातूर फुलला व्हता."

"आणि रात्री चांदणं होतं का?"

"टिपूर! दिव्याचं कामच पडलं नाय."

माझं पेन भराभर चाललं होतं. ज्वारीची काढणी, होळीच्या आधी, चांदणं भरलेलं... म्हणजे माघी पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस मागंपुढं. जुनं पंचांग मिळालं की झालं! मी मान वर केली. सम्यक दारात सरबताचे ग्लास धरून उभा होता आणि वहीकडं नाही, माझ्याकडं बघत होता. मी पुन्हा वहीत बघितलं. अक्षर जरा वाकडं आलं.

"मग दगडाबाई सुईण आली," चंपाबाई रंगात आल्या होत्या. "नाळ कापली आन् म्हनली, चंपे, पोरगी झाली."

माझं पेन थांबलं.

"आजी... पोरगी?"

"मग? ह्या सम्यकची थोरली आत्या. तिचंच इचारत व्हतीस ना?"

"मी कडुबाकाकांचं विचारत होते."

"ह्यो व्हय?" त्यांनी लेकाकडं पाहिलं. "ह्यो कवा झाला बाई... सहा लेकरं. कामाच्या गर्दीत झाला आसंल कवातरी."

सम्यक खुर्चीत मागं टेकून हसला, मीही हसले. कडुबाकाका तेवढे हसले नाहीत. "म्या म्हनलं व्हतं," एवढंच बोलले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मघाशी एवढ्या निगुतीनं भरलेला कूलर बंदच होता. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता.

"काका, कूलर बंद का केला?"

"आवाज लई करतो त्यो."

सम्यक मला रिक्षापर्यंत सोडायला आला. गुलमोहराच्या सावलीत थांबून म्हणाला, "एक काम करा ना. माघातलीच कुठली तरी तारीख टाका. आजीला आठवलं म्हणून सांगू. बाबांना काय कळणार?"

"गुरुजींनीही हेच केलं होतं ना?"

मी रागावून बोलले नव्हते. पण त्याचा चेहरा उतरला. रिक्षा सुटली तेव्हा त्यानं हत्तीची चौकशी केली नाही.

त्यानंतर बारा दिवस त्याचा फोन नाही, मेसेज नाही. म्हणजे फोन वाजायचा – कुणाला अननसाचा हवा, कुणाला गुलाबाचा. दर वेळी उचलायला मला जेवढी घाई व्हायची, तेवढी केकच्या धंद्यात कुणाला होत नसावी. हे मी स्वतःशी नोंदवलं. कारणही नोंदवलं.

तीस तारखेला सकाळी मी लाल रंग कालवला. लाल क्रीम आदल्या दिवशीच करून ठेवावं लागतं. केल्या केल्या ते गुलाबी दिसतं, रात्रभर मुरलं की खरा लाल उतरतो. मग मीच मेसेज केला – "केक होतोय. तारीख नाही."

लगेच उत्तर आलं. लगेच! "बाबा कापणार नाहीत."

"बघू."

थोडा वेळ नुसतीच टिंबं हलत राहिली. मग – "तुमचं बरोबर होतं. उद्या रिक्षा घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी रामकिसनमामांच्या रिक्षात आम्ही दोघं होतो आणि खोका आमच्या दोघांच्या गुडघ्यांवर.

"माझ्याकडं कलतोय," तो म्हणाला.

"तुम्ही जवळ सरकलात म्हणून."

"मग दूर सरकू?"

मी खोक्याची कड नीट धरली. "आता हलू नका. क्रीम आहे आत."

तो हलला नाही. भावसिंगपुऱ्यापर्यंत आमच्या करंगळ्या एकमेकींना टेकलेल्या राहिल्या. मामांनी सगळे खड्डे इतक्या सावकाश चुकवले की त्यांना काही दिसलं नसेल असं मला वाटत नाही.

घरात शेजारचे चार जण, डेपोतले दोघं-तिघं. कडुबाकाका शेवटची सोयगाव फेरी करून आले होते, अंगात अजून खाकी. टेबलावर खोका पाहताच म्हणाले, "सम्यक, तुला म्या सांगितलं व्हतं. गुरुजीच्या तारखेचा केक म्या कापत नाय."

"आधी बघा तर, बाबा."

मी झाकण उघडलं. लाल एसटी. खिडक्यांना आडवे गज, मागं शिडी, बाजूला चिखलाचे दोन शिंतोडे – ते मी चॉकलेटचे मुद्दाम टाकले होते.

काका वाकले. गाडीभोवती फिरावं तसे टेबलाभोवती फिरले. "मागच्या टायरात हवा कमी हाय," ते म्हणाले. सगळे हसले. मग समोर येऊन थांबले. काचेवरच्या पाटीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"पाटी कोरी कशी?"

"मला माहीत नाही ते मी लिहीत नाही, काका." पांढऱ्या क्रीमचा कोन माझ्या हातात होता. "तुम्ही सांगाल ते लिहिते. नाहीतर कोरीच राहू दे."

"कोरी? पाटीबिगर गाडी डेपोच्या भाईर काढत नसत्यात, पोरी. एकतीस साल म्या काढली नाय."

"मग सांगा."

ते कोऱ्या पाटीकडं बघत राहिले. मला माझ्याच हातातला कोन पिळवटला जाताना जाणवला. क्रीमचा एक थेंब बोटावर आला.

"सतरा मे," कडुबाकाका म्हणाले.

"सतरा मे?" सम्यकला कळेना. "ती कुठून आली?"

"त्या दिशी ही आली व्हती." त्यांनी माझ्याकडं बोट केलं, पण बघितलं बसकडं. "कडुबा कवा जन्मला, हे इचारायला घरी कुणी आलं व्हतं का आजवर? शाळेत गुरुजीनं एकदाच इचारलं, त्येबी थांबला नाय. ही घंटाभर बसली वही घेऊन. तुझ्या आज्जीनं चुकीचं सांगितलं तर सांगितलं. घंटाभर घरात माझ्याच जन्माचं बोलणं चाललं व्हतं. कूलर बंद करून ऐकलं म्या."

तेवढ्यात खाटेवरून चंपाबाई म्हणाल्या, "व्हय व्हय, सतरा मेच. आता आठवलं मला."

सगळं घर हसायला लागलं. मी पाटीवर लिहिलं – १७ मे. ही तारीख मी खरी मानू शकत होते. काकांनी सुरी घेतली, आणि बसला पुढून नाही, मागून कापलं. "इंजनाला हात लावायचा नाय," म्हणाले.

कूलर घरघरत होता. माणसं खात होती. मी हात धुवायला अंगणातल्या नळावर आले, तर मागून सम्यक.

"पुढच्या वर्षी सतरा मेला केक लागेल."

"तीन महिने आधी सांगा. त्याच्या आधीची ऑर्डर मी घेत नाही."

"मला आत्ताच द्यायचीय. पुढच्या वर्षीची. त्याच्या पुढच्या वर्षीची... आणि त्याच्याही..." त्याच्या कपाळावरून पुन्हा तसाच एक थेंब सरळ खाली येत होता. "किती वर्षांची, ते मोजत बसू नका. मोजणी माझ्या खात्याकडं आहे."

मी पिशवीतून डायरी काढली. पेन काढलं. तो बघत राहिला. मग पेनाला टोपण लावून मी दोन्ही परत पिशवीत ठेवलं.

"घेणार नाही?" त्याचा आवाज एकदम लहान झाला.

"घेतली," मी म्हटलं. "घरच्यांच्या ऑर्डरी मी लिहून घेत नाही. सांगितलं होतं तुला."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. बहुधा तीन सेकंद.

"करुणा... म्हणजे–"

तेवढ्यात आतला कूलर बंद झाला.