न तपासलेला दाणा

वैशाखातल्या एका सकाळी रिठदला नवे ग्रामसेवक जानराव आले, सायकलच्या मागे ज्वारीच्या बियाण्याचं पोतं बांधून. रामरावांच्या अंगणात पोतं उतरवून त्यांनी पाणी मागितलं. रामरावांच्या धाकट्या लेकीनं, पंचफुलानं, लोटा आणून दिला आणि पोत्यातला एक दाणा उचलून दाताखाली धरला.

“सरकारी बियाणं हाय,” जानराव म्हणाले. “शंभर टक्के उगवते.”

“तुमी उगवताना पाह्यलं?”

“या पोत्यातलं... नाई.”

“मंग शंभर टक्के कोनं मोजलं, साहेब?”

जानरावांना ठसका लागला. पंचफुलानं हसू पदराआड ढकललं आणि शंभर दाणे मोजून ओल्या बारदानात गुंडाळले. घरची रीतच तशी होती. पाच दिवस मोड पाहायचे, मगच पेरायचं.

माणसांसाठी मात्र अशी रीत नव्हती. पंचफुलाच्या मोठ्या बहिणीचं, ललिताचं, लग्न ठरलं तेव्हा साऱ्या गावानं नवऱ्यामुलाची ग्वाही दिली होती. आठ महिन्यांत ललिता माहेरी परतली, आणि त्याच पावसाळ्यात वारली. तेव्हापासून कुणी काहीही म्हटलं की पंचफुला विचारी, “कशावरून?” आलेली दोन स्थळं तिनं तशीच परतवून लावली.

पाचव्या दिवशी जानराव आले. चौऱ्याण्णव दाण्यांना मोड होते.

“हारलो,” ते म्हणाले. “आता मी इचारू? हे चौऱ्याण्णव पेरान?”

“मोड आलेले कोनी पेरते का?”

“मंग जे पेरान, त्यायले कोनं तपासलं?”

पंचफुलानं बारदान पुन्हा गुंडाळलं. खरंच होतं. तपासलेला दाणा पेरता येत नव्हता, आणि पेरायचा तो कुणी तपासलेला नसे.

जानराव सायकलची घंटी उगीच पुसत राहिले. “परवा धनजहून माह्ये बाबा येऊन राह्यले... तुमाले मागायले. नाई म्हटलं तरी चालन. पन कारन सांगा.”

“ताईच्या नवऱ्यालेही सारे चांगलाच म्हनत.”

“तो खोटा निघाला, म्हनून मी खोटा?”

“खोटं कुठी म्हनते? मले माहीत नाई, येवढंच म्हनते.”

“त्याले कोनी काही इचारलं होतं?”

नव्हतं. गावाला विचारलं होतं, सोयऱ्यांना विचारलं होतं.

“मंग गावाले नोका इचारू,” जानराव म्हणाले. “मले इचारा.”

तिनं विचारलं. राग आला तर काय करता?

“गप बसतो. दोन-दोन दिवस. वाईट खोड हाय.”

“दारू?”

“एकदा. अकोल्याले शिकत होतो तवा... ओकलो.”

“हे कायले सांगता? कोनाले समजलं असतं?”

“तुमी इचारलं म्हनून.”

पंचफुलानं त्यांच्याकडे सरळ पाहिलं. त्यांनी नजर चुकवली नाही. फक्त कान लाल झाले.

दोन दिवस ती घरात फिरताना प्रश्न जुळवत होती. एक सुटला की मागून दुसरा येई. म्हातारपणापर्यंत विचारत बसलं तरी संपणार नाहीत, हे तिला कळत होतं. आणि असंही कळत होतं की या माणसावर शंका घ्यायला तिच्याजवळ आता कारण उरलेलं नाही. उरली आहे ती भीती, आणि भीतीला ती इतके दिवस शंका म्हणत आली आहे.

ठरल्या दिवशी बैठक बसली. मुलीनं आत थांबायचं आणि होकार बापानं द्यायचा, असा रिवाज होता. रामरावांनी घसा खाकरला, तेवढ्यात पंचफुला स्वतःच बाहेर येऊन उभी राहिली.

“मी लग्नानंतरही इचारत जाईन,” ती जानरावांना म्हणाली.

“इचारा. मी खरं सांगत जाईन... जमन तितकं.”

“जमन तितकं कायले?”

“सुरू झालं पाहा,” धनजचे म्हातारे पुटपुटले.

रामरावांनी लेकीकडे पाहिलं. “मंग बाई, तुले काय वाटते? मानूस खरा हाय?”

“मले अजून माहीत नाई, बाबा,” पंचफुला म्हणाली. “पन मंजूर हाय.”