दहाचा फ्यूज

स्टीलच्या डब्यात टक् असं वाजलं आणि लेकीला थोपटणारा माझा हात थांबला.

फळीवरचा तो डबा उडालेल्या फ्यूजचा. दुपारी पत्रा तापतो, डबे वाजतात; त्यात नवल काही नाही. लेक जागी झाली नाही, एवढंच महत्त्वाचं. ती झोपते तो दीड तासच काय तो माझा. मी हळूच पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि मागच्या दारानं गॅरेजात गेले. तिथे दीर इंजिनं बघतात, मी वायरिंग. काम वडिलांनी शिकवलं. लग्नात दागिन्यांपेक्षा त्यांचा मल्टिमीटरच मी जास्त मिरवला होता.

शाळेची व्हॅन उभी होती. आठवड्यात तिसऱ्यांदा.

"अकरा नंबरचा फ्यूज उडतो आणि गाडी जागच्या जागी बंद," व्हॅनवाले काका म्हणाले. "पण कधी, तर शेवटचं पोर उतरवून परत फिरलो की. पोरं आत असताना एकदाही नाही."

"फ्यूज शहाणा दिसतोय," दीर हसले. "तुमच्यापेक्षा."

मला हसू आलं नाही. सोमवारपासून माझी लेक त्याच व्हॅननं जाणार होती.

मी फ्यूजबॉक्स खाली उतरवला. अकराव्या खाचेच्या मागे वायर नव्हती. एकही नाही. झाकणावरच्या तक्त्यातही अकरासमोरची जागा कोरी. तरी फ्यूज काढला की इंजिन बंद पडायचं, लावला की सुरू व्हायचं. मी तीनदा करून पाहिलं. दीरांनीही पाहिलं आणि घाईघाईनं दुसऱ्या गाडीखाली शिरले.

उडालेला फ्यूज मी उजेडात धरला. आतली पट्टी वितळली की प्लास्टिक काळवंडतं. हे काळं नव्हतं. आतून वाफ धरली होती, गार काचेवर कुणी श्वास सोडावा तशी. डब्यातले आधीचे दोन शोधून काढले. तेही तसेच. चार दिवस झाले तरी ओले.

"वहिनी, तांब्याची तार गुंडाळा आणि मोकळ्या व्हा," दीर गाडीखालून म्हणाले.

"तार सोसत बसते, भावजी. आणि एक दिवस वायरिंगचा अख्खा जुडगा पेटतो. दहा अँपिअरचा होता, दहाचाच लागेल."

"कशाला लागेल? मागे काही नाहीच की!"

"नसू दे. झेपेल त्याहून जास्त काहीतरी येतंय, म्हणून तो गाडी थांबवतोय. थांबू दे. तेवढ्यासाठीच असतो तो."

"तुमच्याशी वाद घालण्यापेक्षा गंजलेला नट बरा."

मी नवा दहाचा बसवला. तेवढ्यात आत लेक रडत उठली. तिला दूध दिलं, जवळ घेतलं, एक वेणी घातली, दुसरी घालायच्या आधी बाहेर डोकावले. व्हॅन शाळेकडे गेली होती. बाकावर माझा नवाकोरा फ्यूज पडला होता आणि शेजारी तांब्याच्या तारेचं कापलेलं टोक.

"भावजी!"

"आजच्या दिवस फक्त." ते हात पुसत राहिले. माझ्याकडे बघितलं नाही.

चार वाजता व्हॅन आली. काका हसत उतरले.

"बघा बाई, एकदाही बंद पडली नाही!"

ऊन लख्ख होतं. साऱ्या काचा स्वच्छ. मागच्या कोपऱ्यातली एकच आतून धुरकटलेली. त्या सीटचा पट्टा लावलेला होता.

"काका, तिथे कोण बसतं?"

"कोणी नाही. ती सोमवारपासून तुमच्या पोरीची."

आत, फळीवर, डबा वाजला. टक्. टक्.

मी तार उपटून काढली. हात भाजायची तयारी ठेवली होती. तार बर्फासारखी गार होती.

दहाचा बसवला. बोटाखालीच उडाला.

दुसरा बसवला. तोही.

"वहिनी, राहू द्या," दीर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"नाही राहू देणार." मी त्या सीटकडे बघत बोलले. "माझ्याकडे अख्खं खोकं आहे. एकेक उडव. ती जागा माझ्या लेकीची आहे. तू इथून पुढे जायचं नाहीस."

तिसरा.

चौथा बसवला. तो टिकला.

काचेवरची वाफ तशीच होती.

लेक दारात येऊन उभी होती, एक वेणी घातलेली, एक मोकळी. घाबरली नव्हती. तिनं व्हॅनकडे बघून हात हलवला, आणि मग कुणी परत हात हलवण्याची वाट पाहिल्यासारखी थांबली.

"आई," ती म्हणाली, "तिला न्यायला कोण येणार?"