निहारचा रिदम, माझी लीड

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, पुसलं. वायरींच्या भानगडी कोण वाचणार? पण परवा शेजारच्या ओवीने विचारलं, "दादा, एकाच स्पीकरमधून दोन गिटारी वेगवेगळ्या कशा ऐकू येतात?" मग बसलोच.

मी आणि निहार मिरजेत एकत्र वाजवायचो. तो रिदम (खालून चालणारे कॉर्ड), मी लीड (वरची सुरावट). शिकवायला कोणी नाही, ऐकून ऐकून शिकलो. काय दिवस होते! मग त्याच्या आईची बदली चंद्रावरच्या वसाहतीत झाली. तिथून आवाज यायलाच सव्वा सेकंद. एकत्र ताल धरणार कसा?

"गिटार इथल्या कुणाला तरी देऊन टाकतो," निहार म्हणाला.

मी लगेच म्हटलं, "थांब. नुसता रिदम वाजवून पाठव."

तो मी लूपरमध्ये (तुकडा टिपून पुन्हा पुन्हा वाजवणारी डबी) भरला. तंतुवाद्यांच्या दुकानात बसून वर लीड वाजवली. दोघांचे आवाज सारखेच. कोण कुठला, कळेना. मग लूपर आणि स्पीकरच्या मध्ये ड्राइव्ह (आवाजाला खरखरीत धार देणारी डबी) जोडली. पायाने दाबली, आणि निहारचा रिदमही किंचाळायला लागला!

"काय लेका, मांजरं भांडतायत काय?"

हे जवारीकाका. दुकानातले रोबो. दिवसभर तंबोऱ्यांची जवारी काढायचे (तारा टेकतात ती घोडी अशी घासायची की तारेचा आवाज हवा तसा खुलतो).

"काका, फक्त माझाच आवाज बदलायचाय."

"मग सगळ्यांवर कशाला रंग ओततोस? आवाज कुठून कुठे जातो, बोटाने दाखव."

मी बोट फिरवलं. गिटार, लूपर, ड्राइव्ह, स्पीकर.

"निहार कुठे बसलाय?"

"लूपरमध्ये."

"आणि ड्राइव्ह?"

"त्याच्या... नंतर."

ट्यूब पेटली! लूपरनंतर जे जोडू, ते दोघांनाही लागणार. लूपरच्या आधी जोडलं, तर फक्त माझ्या गिटारीला.

"मी जवारी तंबोऱ्यावर काढतो," काका म्हणाले, "स्पीकरवर नाही."

डब्यांची जागा बदलली. निहारचा रिदम मऊ, खालून. माझी लीड धारदार, वरून. पोत वेगळे झाले तसे कानाला दोघं वेगळे सापडले. वाटलं, निहार शेजारीच बसलाय, पाय आपटत.

रेकॉर्डिंग वर पाठवलं. मग त्याचा आवाज आला.

"आपणच आहोत रे हे. गिटार देत नाही कुणाला." मग म्हणाला, "पण ऐक ना, एकदा मला लीड वाजवायचीय."

इतकी वर्षं शेजारी बसून हे कधी बोलला नव्हता.

"वाजव की! या खेपेला रिदम मी पाठवतो. अगदी मऊ. आणि मध्ये एकही जास्तीचा सूर घुसवणार नाही. शब्द देतो."