दुपारच्या हाकेला ओ देऊ नये

हे रचलेलं नाही. ज्याच्यावर गुदरलं तो सलमान माझा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं हे फक्त मला सांगितलं आहे, आणि सांगून माझी झोप घालवली आहे.

मंगळवार, २१ मे २०२४. जागा, ताडोबाच्या जंगलाला लागून असलेलं एक घर. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना अजून तिथेच राहायचं आहे.

आणि वेळ रात्रीची नव्हती. दुपारचा एक.

चंद्रपूरच्या मे महिन्यात भुताला रात्रीची वाट पाहावी लागत नाही. बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसतं. कोणी मेलं तरी संध्याकाळीच कळतं.

सलमान राजुऱ्यात पंखे आणि कूलरच्या मोटारी दुरुस्त करतो. बायको आफ्रीन. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. तिला फिरायचं भारी वेड आणि याचा खिसा फाटका. मग तिनंच मोबाईलवर एक युक्ती शोधली. लोक गावाला जातात, त्यांची कुत्री-मांजरं घरी राहतात. आपण त्यांच्या घरात जाऊन राहायचं, जनावरांना खाऊ घालायचं, घर राखायचं. राहणं फुकट. अशा रीतीनं दोघांनी एका मांजरीच्या जिवावर नागपूर पाहिलं आणि दोन सशांच्या जिवावर पचमढी.

सलमानची अम्मी कुरकुरायची, "लोग हज को जाते, ये कुत्तों की खिदमत को जाते."

आफ्रीन नुसती हसायची.

यंदा तिला वाघ पाहायचा होता. तिथल्या रिसॉर्टचं भाडं ऐकूनच सलमानला घाम फुटला. तेवढ्यात गुणवंतरावांचं घर मिळालं. गुणवंतराव रिटायर्ड माणूस, मे लागला की बायकोला घेऊन पुण्याला मुलाकडे जाणारा. मागे उरायचा शेरू नावाचा म्हातारा कुत्रा. घराला आठ फूट भिंत, वर काटेरी तार, पुढे हिरवं लोखंडी गेट. ते ओढलं की आपोआप बंद व्हायचं. आतून कोणीही उघडावं, पण बाहेरून किल्लीशिवाय उघडायचं नाही. किल्ली आत खिळ्याला.

"बिबट येते, म्हून गेट उघडं टाकू नका," गुणवंतराव फोनवर म्हणाले. "बाकी काई टेन्शन नाई."

बाकी काय ते त्यांनी सांगितलंच नाही.

रविवारी दोघं पोचले. बुधवारची सफारी ठरली होती. आफ्रीननं जिप्सीत घालायची टोपीसुद्धा आणली होती.

सोमवारी दुपारी दोघं बैठकीत पडले होते. अचानक शेरू उठला... गेटपाशी गेला... आणि शेपूट हलवू लागला.

भुंकला नाही.

मग गेट वाजलं. एकदा. दोनदा.

"बाई... पाणी..."

पुरुषाचा आवाज होता. घसा सुकलेला.

सलमाननं जाऊन गेट उघडलं. बाहेर पांढराफटक रस्ता, दोन्हीकडे वाळलेलं रान. माणूस नव्हता. पळून जाऊन लपावं असं झाडही जवळ नव्हतं.

संध्याकाळी गावातून इंदुताई दूध घेऊन आली. सलमाननं सहज विचारलं, तर तिच्या हातातलं दुधाचं माप तसंच थांबलं.

"तुमी गेट उघडलं? काऊन उघडलं जी? आमच्या गावात भर दुपारच्या हाकेले कोनी ओ देत नाई. पुरानी रीत हाये."

"पण होता कोण तो?"

"लच्छू. तुमच्यावानीच घर राखाले ठेवला होता. तीन साल झाले. चोरी होईन म्हून मालक भाईरून कुलूप ठोकून गेला. मोटार जळली, टाकी आटली. दोन दिवस लच्छू गेटवर बोंबलत होता, पाणी द्या, पाणी द्या."

"मंग?"

"मंग काय? दुपारची हाक. आमाले वाटलं भूत होय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तवा तो जित्ता होता."

इंदुताई पुढे सांगत राहिली. लच्छू सापडला तेव्हा शेरू त्याच्याजवळ बसलेला होता. घरात दाणा नव्हता, पाणी नव्हतं, तरी कुत्रा जिवंत होता. काय खाऊन जगला, ते विचारायची गावात कोणाची छाती झाली नाही. गुणवंतरावांनी कुलूप काढून आतून उघडणारं गेट बसवलं आणि आपलं कर्तव्य संपवलं.

"आता तो कोनाच्याबी आवाजात बोलते," जाता जाता ती म्हणाली. "मांगच्या साली माह्या मेलेल्या सासूच्या आवाजात बोलला. उघडू नोका. आन् कुत्र्याच्या शेपटीवर जाऊ नोका, त्याले तो दिसते."

सलमान तेव्हाच निघायला तयार होता. पण शेरूला कोणाच्या भरवशावर टाकायचं? आणि आफ्रीन वाघ पाहिल्याशिवाय हलणार नव्हती. तिला भीती वाटण्याऐवजी त्या लच्छूची कीव आली. तिचं काळीजच तसलं होतं.

"प्यासा है बेचारा," ती म्हणाली. "गेटके बाहर एक कळशी रख देते. सवाब मिलेगा."

"खबरदार," सलमान म्हणाला. ती गप्प बसली, म्हणून त्याला वाटलं तिनं ऐकलं.

मंगळवारी आफ्रीनचा रोजा होता. रमजानमधले सुटलेले रोजे ती एकेक करून पूर्ण करत होती. सत्तेचाळीस डिग्रीत पाण्याचा थेंब नाही. साडेबाराला लाईट गेली. "सर दुख रहा, मैं अंदर लेटती," असं म्हणून ती मागच्या खोलीत गेली. सलमान बैठकीत फरशीवर आडवा झाला. त्याचा डोळा लागला.

जाग आली ती गेटच्या आवाजानं.

शेरू गेटपाशी होता... शेपूट हलवत होता...

"सुनो... गेट खोलो."

आवाज आफ्रीनचा होता. हुबेहूब.

सलमान ताडकन उठला. गेटकडे नाही, आधी मागच्या खोलीकडे गेला. आत अंधार होता, पडदे ओढलेले. खाटेवर ती भिंतीकडे तोंड करून निजली होती, डोक्यावरून हिरवी ओढणी. श्वास चालू होता. ओढणी वर-खाली होताना त्यानं दारातूनच पाहिली.

त्याच्या जिवात जीव आला. तिला उठवायचं नाही, घाबरेल, म्हणून तो पावलं न वाजवता परत आला.

"सलमान... पानी दो... मर जाऊंगी मैं..."

आता तर त्याची खात्रीच पटली. आफ्रीन रोज्याच्या दिवशी पाणी मागेल? टायफॉईड झाला होता तेव्हाही तिनं गोळी हातात धरून सूर्यास्ताच्या, मगरिबच्या अजानची वाट पाहिली होती. दुपारी एक वाजता पाणी मागणारी ती आफ्रीन असूच शकत नाही. भुताला आवाज चोरता आला, पण रोजा ठाऊक नाही, असं त्याला वाटलं. त्या भीतीतही त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

तो कानात बोटं घालून कुराणातली आयतुल कुर्सी म्हणत बसला.

आवाज येत राहिला. गेटवर हात आपटत राहिले. मग बराच वेळ शांतता... मग पुन्हा आला, बारीक झालेला. त्यात आता शब्द नव्हते. लोखंडावर नखं घासल्यासारखं काहीतरी ऐकू येत होतं. आफ्रीन रडते तेव्हा मध्येच उचकी लागते, ती उचकीसुद्धा ऐकू आली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते.

मग तेही थांबलं.

शेरूची शेपूट थांबली. तो गेटच्या फटीला नाक लावून बसला आणि कण्हू लागला.

"मले बरं वाटलं बे निकेश," सलमान मला म्हणाला. "कसम से सांगतो, आवाज बंद झाला तं मले बरं वाटलं."

चार वाजता तो बायकोला सांगायला आत गेला. तू झोपली होतीस आणि बाहेर तुझ्या आवाजात काय काय चाललं होतं, हे सांगून तिला हसवायचं होतं त्याला.

खाट रिकामी होती.

चादर मात्र ओली होती. उशीपासून पायथ्यापर्यंत, माणसाच्या लांबीएवढी... हात लावला तर गार पाणी.

गेट उघडायला त्याला जोर लावावा लागला, कारण ती गेटला टेकूनच पडली होती. डोक्यावर तीच हिरवी ओढणी. पायात चप्पल, तळवे तरी भाजलेले. नखांमध्ये गेटचा हिरवा रंग. बाजूला घरातली पितळी कळशी. ती लच्छूसाठी पाणी ठेवायला बाहेर गेली आणि गेट मागे बंद झालं. मोबाईल आत राहिला.

कळशी रिकामी होती. उलटी केली तरी थेंब पडला नाही. खालची माती कोरडी होती, म्हणजे पाणी सांडलंही नव्हतं. आणि आफ्रीनचे ओठ लाकडासारखे फुटले होते.

डॉक्टरनं उष्माघात लिहिला. पोलिसांनी गावात विचारलं तेव्हा इंदुताईनं सांगितलं, दीडच्या सुमारास तिच्या दारावर थाप पडली होती. बाईचा आवाज होता, पाणी मागत होता. तिनं कडी लावून घेतली. शेजारच्या चार घरांनीही लावून घेतली. म्हणजे पोरगी त्या उन्हात गावापर्यंत गेली, दारोदार फिरली, आणि नवरा तरी उघडेल म्हणून परत आली.

बरं, मग खाटेवर कोण होतं? कोणाचा श्वास चालू होता? मी हे सलमानला एकदाच विचारलं. तो उठून निघून गेला. पंधरा दिवस बोलला नाही.

राजुऱ्यात मय्यत निघाली त्या दिवशी मी त्याच्या शेजारी उभा होतो. आफ्रीनच्या वडिलांनी, जहीरचाचांनी, त्याचे दोन्ही हात धरले.

"बेटा, एकदा तरी आवाज देला असंन ना तिनं तुले?"

"नाई अब्बा," सलमान म्हणाला. "आवाज आला असता तं मी उघडलं नसतं का?"

माझं मोबाईलचं दुकान जहीरचाचांच्या गादीच्या कारखान्यासमोर आहे. रोज चारला ते माझ्याकडे चहाला येतात. इंदुताईनं पोलिसांना सांगितलेलं आम्ही त्यांच्या कानावर जाऊ दिलेलं नाही. तोंड उघडलं की त्यांचं एकच असतं. "लय लाजाळू होती पोरगी. परक्याच्या दारात उभी राहून ओरडायची तिले शरम वाटली असंन. तशीच मेली, पण हूं का चूं नाई केलं."

मी मान हलवतो आणि त्यांना अजून अर्धा कप ओततो.